उन्हात चढलेला काटा

बसा, बसा. जरा पुढे सरकून बसा. मागे बसणाऱ्याला वारा मिळतो, पण गोष्ट अर्धीच मिळते. आज तुम्हांला बोरसळच्या माळावरची एक गोष्ट सांगतो. अठरा वर्षांपूर्वीची, चैत्रातली. आधीच सांगून ठेवतो, ही रागाची गोष्ट आहे. मी माळकरी माणूस. बुवा कीर्तनात म्हणतात, राग टाका, तेव्हा सगळ्यांबरोबर मीही मान हलवतो. पुष्कळ राग टाकलेही. हा एक मात्र ठेवलाय, आणि तो टाकायची माझी इच्छाही नाही.

सकाळचे साडेसहा वाजले होते आणि मी विटांनी बांधलेल्या खड्ड्यात उभा होतो. वर खड्ड्याच्या काठावर आमचे कुलथे साहेब चहाचा पेला घेऊन उभे.

“चांगू, डमी टाक.”

“साहेब...”

“साहेब काय साहेब? दहाला मॅडम येणार. डमी टाक, प्रेशर भर, आणि अंघोळ करून ये. वास मारतोय तुझ्या अंगाला.”

वास माझ्या अंगाचा नव्हता, पाइपाचा होता. बोरसळच्या वरच्या अंगाला कारखान्यांची वसाहत आहे. तिथलं वापरलेलं पाणी आठ इंची लोखंडी पाइपातून जमिनीखालून जातं, पाच फूट खोल, तीन किलोमीटर. मधे ओढा लागतो, आणि ओढ्याच्या काठाला शेळवणे वस्ती. चौदा घरं, एक विहीर. त्या विहिरीचं पाणी दोन वर्षांपासून तांबूस झालं होतं. आंबट वास यायचा. गावाने अर्जांवर अर्ज केले, तेव्हा कुठे पाइपाच्या दुरुस्तीचं काम निघालं. ते आमच्या ठेकेदाराने घेतलं आणि मी त्याचा फिटर. चांगदेव रणदिवे, चांगू फिटर.

आठ दिवस आम्ही ओढ्याच्या काठाला खणत होतो. पाइप उघडा केला तेव्हा मी पान्ह्याने हळूच ठोकून पाहिलं. लोखंडाचा खणखणीत आवाज यायला हवा, तो आलाच नाही. ओल्या मडक्यावर मारावं तसा बद्द आवाज आला. मी त्याच दिवशी कुलथेंना सांगितलं होतं, “साहेब, हा साठ फूट पाइप मेलाय. काढून टाकायला पाहिजे. आणि ओढ्याखालच्या तुकड्यात आतून प्लास्टिकचा पाइप सरकवू. पण ठिगळं लावून हा राहणार नाही.”

“क्लॅम्प मार.”

क्लॅम्प म्हणजे पाइपाला बाहेरून आवळायचा लोखंडी पट्टा, आत रबर. एक मारला. एक हात पलीकडे नवी धार सुटली. तिथे दुसरा मारला. आवळताना पाइपच दबला. असे सात मारले. सातवा आवळून मी वर आलो तर पहिल्याखालून बुडबुडे येत होते. कुलथेंनी ते पाहिलं आणि म्हणाले, “माती लोटा.” आम्ही माती लोटली. मीही लोटली. माझ्या हातात फावडं होतं, हे मी विसरलेलो नाही.

आता डमी म्हणजे काय ते ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पाइपाच्या तोंडाला रुंद कडं असतं, त्याला फ्लेंज म्हणतात. दोन पाइपांची कडी समोरासमोर आणून आठ बोल्टांनी आवळायची, की झाला जोड. त्या दोन कड्यांच्या मधे गोल लोखंडी चकती सारली की पाइप तिथेच बंद. तीच डमी. दुरुस्तीची लाईन पास करायची तर तीत पाणी भरून पंपाने सहा किलोचं प्रेशर द्यायचं, पंप बंद करायचा आणि चार तास गेजच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा पडला तर लाईन गळते. गेज आणि पंप होते उघड्यावरच्या बारा फुटांच्या तुकड्याला. तो तुकडा माझ्या खड्ड्यात येऊन लाईनला मिळत होता. मी त्या जोडात डमी टाकली. म्हणजे परीक्षा झाली बारा फुटांची, आणि कागदावर पास होणार तीन किलोमीटर.

नट नीट बसावेत म्हणून मी त्यांना ग्रीस लावलं. काम चोख करायची सवय आहे हो मला.

प्रेशर भरताना तुकड्याच्या वरच्या अंगाची हवा पुरती काढायला हवी होती. घाईत ती राहिली. नुसतं पाणी कोंडलं तर जोड सुटताच प्रेशर मुकाट उतरतं. हवा कोंडली तर ती उसळते. फिटरला हे शिकवावं लागत नाही. मला ठाऊक होतं, आणि मी वर येऊन अंघोळीला गेलो.

आता आदल्या संध्याकाळचं सांगतो. वस्तीवर सप्ताह चालू होता आणि मला पखवाजाचा आवाज आला की पाय थांबत नाहीत. जाऊन मागे उभा राहिलो. पखवाजावर एक म्हातारा होता. काटक, काळा, डोक्याला मळकं मुंडासं. बुवांनी चाल उचलली आणि म्हाताऱ्याचा हात असा पडला की माझ्या छातीत काहीतरी सुटलं. कुणीतरी माझ्या गळ्यातली माळ पाहून टाळ हातात दिले. मी दीड तास टाळ वाजवले. शेवटी डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेही कळलं नाही.

कीर्तन संपल्यावर म्हाताऱ्याने हाक मारली. “ओ टाळकरी! कुठलं म्हणायचं तुम्ही?”

“बार्शीकडचा. चांगदेव. पाइपाच्या कामावर फिटर.”

“म्हंजे आमच्या हिरीचं वैद्य तुम्हीच! इंदू, ताट वाढ गं. वैद्य आल्यात.”

ते गेनबा अण्णा शेळवणे. इंदू त्यांची सून. तिने पिठलं-भाकरी वाढली आणि पाण्याचा तांब्या जपून ठेवला. “भाऊजी, पाणी सांडू नका बरं का. दीड कोसावरनं डोक्यावर आणलेलं हाय.”

अण्णा पखवाज मांडीवर घेऊन वाजवायला लावलेली कणीक खरवडत बसले होते. म्हणाले, “उद्या तपासणीला गावाकडनं पंच म्हणून मला बसवलंय. मला काय कळतंय त्यातलं? पर तू हाईस म्हणल्यावर मला काळजी न्हाय. माळकरी माणूस हाय, नीट केलं असंल.”

मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

दहाला मॅडम आल्या. सबनीस मॅडम, तपासणी अधिकारी. तरुण होत्या, कडक होत्या, पण पाइपातलं त्यांना पुस्तकातलंच ठाऊक होतं. गेजवर काटा सहावर. त्यांनी वही काढली, वेळ लिहिली, आणि जीपच्या सावलीत खुर्ची टाकून बसल्या. अण्णा गेजसमोर पोत्यावर मांडी घालून बसले. डोक्यावर ऊन. कुलथे म्हणाले, “आजोबा, सावलीत या की. काटा काही पळून जात नाही.”

“तुमचा काटा पळंल न पळंल, माझी पंचाची जागा हितं हाय.”

अकराला काटा सव्वासहावर. कुलथेंनी मॅडमना हाक मारली. “बघा मॅडम! लोक म्हणतात गळती. गळती असती तर खाली आला असता. हा तर वर चढतोय!” आणि माझ्या पाठीवर थाप मारली. साडेअकराला काटा साडेसहाच्या पुढे. कुलथे तर वरातीत आल्यासारखे हसत होते.

मी हसत नव्हतो. काटा का चढतोय हे मला कळलं होतं, आणि ते सकाळीच कसं सुचलं नाही म्हणून मी स्वतःला शिव्या घालत होतो. आम्ही फिटर लोक काटा पडायला घाबरतो. काटा चढेल याची भीती आयुष्यात कधी शिकलेलो नाही.

अण्णा काट्याकडे बघत होते. मग मान वर करून आभाळाकडे पाहिलं. एक ढग सूर्यावर आला होता. पाच-सात मिनिटं सावली पडली. काटा अडखळला, किंचित मागे आला. ढग सरला, ऊन पडलं. काटा पुन्हा पुढे निघाला.

“साहेब,” अण्णा म्हणाले, “एक इचारू का?”

“विचारा की.”

“पाइप किती खोल हाय?”

“पाच फूट.”

“पाच फुटावर गार असतंय ना?”

“गारच की. मग?”

“मग ऊन लागतंय कुणाला?”

कुलथे हसायचे थांबले.

अण्णा म्हणाले, “मी आडाणी माणूस. पर पन्नास वर्सं कातडं वाजवतोय. पखवाज उन्हात ठिवला की चढतोय, सावलीत आणला की उतरतोय. का? तर एवढासा जीव हाय त्याचा, लगेच तापतोय. तीन किलोमीटरचं पाणी, पाच फूट मातीखाली, त्ये ढगाची सावली आल्यावर उतरतंय, आणि ऊन पडल्यावर चढतंय? एवढं हळवं कसं झालं वो त्ये?”

“आजोबा, ते शास्त्र आहे. तुम्हाला नाही कळायचं.”

“न्हाई कळायचं. खरं हाय.” असं म्हणत अण्णा उठले. गळ्यातलं उपरणं काढलं. बाजूला इंदूने आणून ठेवलेल्या घागरीत बुडवलं, तेच पाणी, दीड कोसावरचं. इंदू म्हणाली, “मामंजी, प्यायचं हाय त्ये!” तर म्हणाले, “आज त्याला पाजूया.” आणि ते ओलं उपरणं त्या बारा फुटांच्या तुकड्यावर आडवं पसरलं. मग घागर हळूहळू त्या पाइपाच्या अंगावर ओतली. तापलेल्या लोखंडावरून वाफ निघाली.

काटा खाली आला. सगळ्यांच्या देखत. पावणेसात, साडेसहा, सव्वासहा. एखाद्या थकलेल्या माणसाने पायऱ्या उतराव्या तसा सावकाश.

वस्तीतली पंधरा-वीस माणसं जमली होती. मॅडम खुर्चीतून उठल्या. “कुलथे, हे काय आहे?”

“मॅडम, लोखंडाचा गुणधर्म आहे. उष्णतेने प्रसरण...”

“ते मला माहीत आहे. पण इतकं?”

“मी साइटच्या ऑफिसला विचारतो,” कुलथे म्हणाले आणि फोन काढला. मॅडमनीही फोन काढला आणि रेंज मिळावी म्हणून जीपच्या पलीकडच्या उंचवट्यावर गेल्या.

अण्णा माझ्याकडे वळले. राग म्हणजे काय हे मी त्या तोंडावर पाहिलं. आवाज मात्र चढलेला नव्हता.

“चांगदेवा, मधी काय घातलंय?”

“काही नाही अण्णा.”

“काय न्हाई?”

“काही नाही.”

“काल माझ्या पखवाजावर टाळ धरलास. रडलास. मी बघितलं. माझ्या घरचं खाल्लंस. आता माळेला हात लावून सांग, काय न्हाई म्हणून.”

कुलथे मधे पडले. “ओ आजोबा, इथे काय कोर्ट आहे का? माळ-बिळ काय?”

“तुम्ही गप ऱ्हावा. तुमच्या गळ्यात माळ न्हाई, तुम्हाला इचारलं न्हाई.”

मी हात उचलला. खोटं कशाला बोलू? उचलला. माळेपर्यंत गेला नाही, पण खालीही आला नाही. मधेच राहिला, अंघोळ करूनही ग्रीसने काळाच.

अण्णांनी त्या हाताकडे पाहिलं. “ऱ्हाऊ दे. हात बरबटल्यात तुझं. नसंल काय, तर उघडून बघू. आपलंच हाय की सगळं.”

आणि अडुसष्ट वर्षांचा तो माणूस धोतराचा काचा खोचून खड्ड्यात उतरला. माझा पान्हा तिथेच पडला होता. इंदू ओरडली, “मामंजी, वर या!” कुलथे माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, “उतरू दे. चार वेळा पान्हा फिरवून दम लागेल, बसेल गप. तू तोंड उघडू नकोस. पुढच्या साइटला तुला पर्मनंट करतो, ही माझी जबान.” कुलथेंनाही ठाऊक होतं आत काय कोंडलंय. ते इंजिनियर होते. हे मी आज मोठ्याने सांगतो, कारण त्या दिवसानंतर ते कुठेही हे कबूल करणार नव्हते.

अण्णांनी पान्हा लावला. मी ओरडलो.

“अण्णा, हात काढा! डमी आहे आत! प्रेशर कोंडलंय, हात काढा!”

हात निघाला नाही. जोडातून फस्स करून हवा-पाणी उसळलं, तो बारा फुटांचा तुकडा बैल हिसडा देतो तसा हलला, पान्हा उडाला आणि अण्णांचा उजवा हात त्या पान्ह्यासकट विटांच्या कडेवर आपटला. मी खड्ड्यात उडी मारली. अण्णा भिंतीला टेकून बसले होते, भिजलेले. हाताकडे बघत होते. अंगठ्याजवळची तीन बोटं बोटांसारखी राहिली नव्हती. पण पहिलं वाक्य काय बोलले सांगू?

“मॅडमनी ऐकलं का रं?”

ऐकलं होतं. सगळ्या माळाने ऐकलं होतं.

मॅडमनी अण्णांना आपल्या जीपमधून दवाखान्यात पाठवलं आणि स्वतः तिथेच थांबल्या. मला म्हणाल्या, “काढा ती प्लेट.” मी काढली. डमी खड्ड्याच्या काठावर ठेवली तेव्हा इंदूने ती उचलली, दोन्ही हातांनी फिरवून पाहिली आणि माझ्या पायाशी टाकली. “ही वाढली व्हय तुम्ही आमच्या ताटात?” एवढंच म्हणाली. मला कुणी जोड्याने मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग खऱ्या लाईनला प्रेशर द्यायला घेतलं. पंप पाऊण तास चालला. काटा दोनच्या वर गेला नाही. तोवर पोरं ओढ्याकडून पळत आली. आम्ही माती लोटली होती तिथून सात ठिकाणी पाणी वर आलं होतं. एका ओहोळाने ते थेट विहिरीकडे निघालं होतं. मॅडम विहिरीपाशी उभ्या राहिल्या आणि तिथेच उभ्याने लिहिलं: साठ फूट पाइप बदला, ओढ्याखाली आतून नवा पाइप सरकवा, मगच तपासणी.

कुलथेंनी मला त्याच दुपारी कामावरून काढलं. काढताना म्हणाले, “म्हाताऱ्याच्या हाताचं पाप तुझ्या डोक्यावर. ओरडायचंच होतं तर आधी ओरडायचं, नाहीतर ओरडायचंच नाही.” त्यांच्या तोंडून आयुष्यात एकच खरं वाक्य आलं असेल तर ते हे. म्हणूनच मला त्यांचा अजून राग येतो.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. अण्णांच्या हाताला हे एवढं मोठं बँडेज. मी पायावर डोकं ठेवायला वाकलो तर पाय मागे घेतले.

“पाया पडू नगंस. पाइप बदलला का?”

“नाही अजून, अण्णा. ठेकेदार...”

“मग हितं काय करतुयास?”

मी परत आलो. कामावरून काढलेला माणूस कामावर जाऊन उभा राहिला. ठेकेदाराला दुसरा फिटर मिळेना, मॅडमनी दिलेली मुदत जवळ आलेली, म्हणून त्याने मला रोजंदारीवर ठेवलं. साठ फूट पाइप कापून काढला. ओढ्याखालच्या जुन्या पाइपात वायर रोप घालून प्लास्टिकचा नवा पाइप इंच इंच ओढून घेतला. वस्तीतल्या माणसांनीच दोरीला हात लावला. सप्ताह केव्हाच संपला होता, पण दोर ओढताना कुणीतरी नामाचा गजर सुरू केला, आणि मी मान वर न करता त्यात आवाज मिसळला. तेवीस दिवस लागले.

पुन्हा तपासणी झाली तेव्हा अण्णा गळ्यात हात बांधून आले आणि पोत्यावर बसले. या वेळी आधी खड्ड्यात उतरून जोड पाहिला, मग बसले. दहापासून दोनपर्यंत. काटा सहावर. चढला नाही, पडला नाही. ढग आला, गेला. ऊन पडलं. काटा सहावर. दोन वाजता मॅडमनी कागद पुढे केला. अण्णांनी डाव्या हाताने सही केली. पोरगं पहिल्यांदा पाटीवर काढतं तशी वाकडी सही. माझ्याकडे बघितलंही नाही.

दोन पावसाळे गेले तेव्हा विहिरीचं पाणी निवळलं. अण्णांची बोटं नाही निवळली. दोन वाकडी राहिली, एक काढावं लागलं. त्यानंतर त्यांनी पखवाज वाजवला नाही. पण कीर्तनाला यायचे. दुसरा वाजवणारा पुढे बसायचा आणि अण्णा त्याच्या मागे डोळे मिटून बसायचे. हात चुकला की त्यांची मान आधी थांबायची.

आता जे सांगायला तुम्हांला जवळ बोलावलं ते सांगतो.

बोरसळला आणि आसपासच्या चार गावांत लोक ही गोष्ट सांगतात. त्यात मी खरं बोलणारा फिटर असतो. नोकरीवर लाथ मारून म्हाताऱ्याचा जीव वाचवणारा. एकदा तर एका बुवांनी मला समोर बसलेलं पाहून कीर्तनातच उभं केलं आणि लोकांकडून टाळ्या वाजवून घेतल्या. मी उभा राहिलो. टाळ्या घेतल्या. घरी जाऊन भिंतीवर डोकं आपटलं.

मघाशी मी म्हणालो ना, अण्णांनी पान्हा लावला, मी ओरडलो. तिथे मी थोडं गाळलं. नेहमीच गाळतो.

अण्णांनी पान्हा लावला आणि पहिला नट सैल केला. मी गप्प होतो. तो नट सहज फिरला, कारण सकाळी ग्रीस मीच लावलं होतं. दम-बिम काही लागणार नाही, हे मला कुलथेंपेक्षा जास्त ठाऊक होतं. अण्णांनी मान वर करून पाहिलं. मी गप्प. मग दुसरा नट. तोही फिरला. कड्यातून पाण्याचा एक बारीक थेंब आला, मी तो पाहिला. पर्मनंट, पर्मनंट, एवढंच डोक्यात वाजत होतं. अण्णांनी पुन्हा वर पाहिलं. मी गप्प. मग त्यांनी तिसऱ्याला पान्हा लावला आणि तेव्हा मी ओरडलो. आठ बोल्टांच्या जोडात तिसरा सैल होताना ओरडून काय उपयोग, हे फिटरला विचारा. मी फिटरच आहे.

हे मी अण्णांना सांगितलं. वर्षभराने. रामनवमीच्या आधी वस्तीवर मंडपाचे बांबू बांधत होतो, ते डाव्या हाताने सुतळी कापून देत होते. मी म्हणालो, “अण्णा, मी दोन बोल्ट गप्प होतो.”

सुतळी कापत राहिले. मग म्हणाले, “म्हाईत हाय.”

“माहीत आहे?”

“आत काय कोंडलंय त्ये मला ठावं नव्हतं. पर तुला ठावं हाय, एवढं तुझ्या तोंडावर दिसत हुतं. पैला नट काढला, तुझ्याकडं बघितलं. म्हणलं, बोलंल. न्हाई बोललास. म्हणलं, भ्यालंय पोरगं, आजून एक संधी देऊ. म्हणून दुसऱ्याला लावला. तरी न्हाई. मग तिसऱ्याला लावला.” सुतळीचा तुकडा माझ्या हातात दिला. “माझी खात्री हुती तू बोलणार. फकस्त किती नटांनी बोलतोस, त्ये ठावं नव्हतं.”

त्यांनी मला माफ केलं का? मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पुढचा बांबू उचला म्हणाले, उचलला.

अण्णा जाऊन सहा वर्षं झाली. तुमच्यापैकी कुणी बोरसळकडे गेलं, तर माझं नाव सांगू नका, टाळ्या वाजवू नका. शेळवणे वस्तीवर उतरा, विहिरीचा एक पोहरा काढा, ओंजळभर प्या आणि गेनबा अण्णांची आठवण काढा. एका गप्प माणसाची वाट बघत त्यांनी तीन नट सोडले. एवढं तुमच्या मनात राहू द्या.